खड्ड्याची किंमत कशी लावायची?

समजा एखाद्या प्राचीन वस्तीच्या जागेवर रात्री कोणीतरी फावडं घेऊन येतं, कमरेइतकं खणतं, एखादं जुनं भांडं मिळालं की पिशवीत टाकून निघून जातं, सकाळी तिथे उरतो फक्त खड्डा आणि बाजूला मातीचा ढीग. चोर सापडतो, भांडंही परत मिळतं, केस उभी राहते आणि कोर्ट विचारतं, नुकसान नेमकं किती झालं, आकडा सांगा. आता भांडं तर परत आलंय, मग गेलं काय?

गेली ती माहिती. भांडं कुठल्या थरात होतं, शेजारी चूल होती की हाडं, राख त्याच्या वर होती की खाली, हे सगळं जागच्या जागीच वाचता येतं. एकदा थर कालवले की संपलं. कोळशाचा तुकडा हातात असला तर कार्बन डेटिंग करून त्याचं वय निघेलही, पण तो कुठल्या थरातला हेच माहीत नसेल तर ते वय कशाला जोडायचं? मला भांडं चोरीला जाण्यापेक्षा याचंच जास्त वाईट वाटतं.

यावर अमेरिकेच्या १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्यात मला पटणारी एक युक्ती आहे. सरकारी आणि आदिवासींच्या जमिनीवरचे किमान १०० वर्षं जुने अवशेष त्यात येतात. वस्तूचा बाजारभाव आणि जागेच्या दुरुस्तीचा खर्च तर धरतातच, पण त्यासोबत 'पुरातत्त्वीय मूल्य' पण काढतात, म्हणजे नासधूस व्हायच्या आधी हीच माहिती शास्त्रशुद्ध उत्खनन करून मिळवायला किती खर्च आला असता तो आकडा. त्यात संशोधनाचा आराखडा, साइटवरचं काम, लॅबमधल्या तपासण्या, रिपोर्ट लिहिणं, सगळं आलं. बाजारभाव किंवा हे मूल्य, अधिक दुरुस्ती, असं मिळून ५०० डॉलरच्या वर गेलं की गुन्हा गंभीर ठरतो आणि पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून तज्ज्ञ आधी टेप घेऊन खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजतात, किती घनमीटर माती हलली ते काढतात, ढिगातली माती चाळून चोराने टाकून दिलेली खापरं, हाडं वेचतात, आणि मग तेवढीच माती ब्रशने, थराथराने काढायला किती माणसांना किती दिवस लागले असते याचा हिशोब मांडतात. त्यामुळे मामुली दिसणाऱ्या खड्ड्याचाही आकडा चांगलाच मोठा होतो.

बचाव पक्ष म्हणू शकतो की तिथे कोणी खणणारच नव्हतं, मग खर्च कसला? पण कित्येक साइट मुद्दाम न खणता ठेवतात, कारण पुढे अजून चांगली तंत्रं येणार असतात, आणि चोराने नेमकं तेच राखून ठेवलेलं संपवलेलं असतं.

पण हा आकडा दुसऱ्या कायद्यात चालेलच असं नाही. अमेरिकेतल्याच नेवाडा राज्यात रेनो शहराजवळून कोरीव चित्रं असलेले दगड उचलून घराच्या अंगणात मांडले होते, त्या केसमध्ये २००६ साली अपील कोर्टाने सरकारी मालमत्तेच्या चोरीची शिक्षा रद्द केली, कारण तिथे बाजारभाव सिद्ध करायचा होता आणि सरकारने दिलं होतं पुरातत्त्वीय मूल्य. म्हणजे दगड नेले हे उघड असूनही केस किमतीवरच अडकली.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या टिंबक्टू शहराची गोष्ट तर अजून वेगळी. २०१२ मध्ये तिथल्या संतांच्या कबरींवरच्या वास्तू फोडल्या गेल्या, आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने एकूण २७ लाख युरोंची भरपाई ठरवली. त्यात इमारतींच्या नुकसानीचे फक्त ९७ हजार, आर्थिक फटक्याचे २१ लाख २० हजार आणि लोकांना झालेल्या मनस्तापाचे ४ लाख ८३ हजार! पूर्वजांची जागा फुटताना बघणाऱ्या माणसांसाठी घनमीटरच्या हिशोबात रकानाच नसतो, इथे तो होता, आणि माझ्या मते प्रत्येक कायद्यात तो असायला हवा.