लोगो ३०० डीपीआयचा केला की व्हिडिओत धार येते?

"लोगो ३०० डीपीआयचा करा, व्हिडिओत फाटणार नाही," हा सल्ला नागपुरात सीताबर्डीपासून सदरपर्यंत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांत फिरत असतो. छपाईत तो बरोबरच आहे, म्हणून पटतोही. पण डीपीआय म्हणजे कागदावर इंचाला किती ठिपके; व्हिडिओला इंच नसतो, पिक्सेल असतात. भरीव (पारदर्शक नसलेल्या) पार्श्वभूमीचा ६०० पिक्सेल रुंद लोगो रिसॅम्पल बंद ठेवून, म्हणजे पिक्सेलची संख्या न बदलता, ७२ आणि ३०० डीपीआयने पीएनजीत सेव्ह करा. टाइमलाइनवर एकावर एक ठेवून वरच्याला 'डिफरन्स' ब्लेंड (दोन थरांतला फरकच दाखवणारा मोड) द्या. लोगोची जागा पूर्ण काळी दिसेल, म्हणजे फरक शून्य.

लोगो फाटतो तो बहुधा व्हॉट्सॲपवरची छोटी जेपीजी ताणल्यामुळे. गिऱ्हाइकाकडून व्हेक्टर फाइलच (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांत साठवलेली, ताणली तरी न फाटणारी) मागा. भडक केशरी लोगोच्या कडा (आपल्याकडे संत्र्यांमुळे असे लोगो फार!) तरीही किंचित मऊ दिसतील, कारण नेहमीच्या ४:२:० एक्स्पोर्टमध्ये रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच साठते.