एकाच पुरात दोन्ही प्रती

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याचं पाणी अरण्येश्वर भागातल्या घरांत शिरलं. २५ जुलै २०२४ला खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्यानं सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तेच केलं. अशा पाण्यात टेबलाखालचा कॉम्प्युटर जाणारच. पण त्याच टेबलाच्या खालच्या खणात जपून ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्कही त्याच्याबरोबर जाते. बॅकअप घेणारे बरेच जण इथंच फसतात. प्रत दुसरी असते, संकट मात्र एकच पुरतं.

'आमचं सगळं क्लाउडवर आहे' म्हणून निश्चिंत होण्यातही अर्थ नाही. क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्यातरी इमारतीतले कॉम्प्युटरच. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथं ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा काही ग्राहकांचा मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही जळाले.

पूर आणि आग रोज येत नाहीत. डिस्क मात्र घरबसल्या जाते. हार्ड डिस्कमधली चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. चालू डिस्कला धक्का बसला की हेड चकतीवर घासतं. टकटक असा आवाज यायला लागला, तर ती लगेच बंद करावी. 'बघू, आता होतेय का' म्हणत पुन्हा पुन्हा चालू केली, तर वाचलेला भागही खरवडला जातो. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं. तिथं डेटा म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार. वीज न देता ती वर्षानुवर्षं गरम माळ्यावर टाकून दिली, तर तो भार झिरपून जातो. जुने फोटो ठेवून द्यायला एसएसडी निवडू नये, असं माझं मत.

गुगल ड्राइव्हवर आपोआप सिंक होणारं फोल्डर हाही पुरता बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर फाइल डिलीट केली की तिकडूनही जाते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, नंतर संपलं. रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, प्रकार आणखी वाईट. मे २०१७मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायसारखा प्रोग्रॅम कॉम्प्युटरमधल्या फाइल कुलूपबंद करतो आणि शेजारी जोडलेल्या डिस्कमधल्याही. म्हणून काम झालं की केबल काढून ठेवायची.

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१चा नियम त्यामुळेच टिकून आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. हडपसरला चौथ्या मजल्यावर राहणारी मावशी इथं फार उपयोगी पडते.

जास्त प्रतींचा आणखी एक फायदा आहे. एकच प्रत असेल, तर ती आतून बिघडलीय हे कळायचं कसं? भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, ती काश्मीरपासून केरळपर्यंतच्या हस्तलिखितांमधले पाठ एकमेकांशी ताडून. कॉम्प्युटर हे चेकसमनं करतो. फाइलवरून एक छोटा आकडा काढून ठेवतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी नवा आकडा जुन्याशी जुळत नाही.

बॅकअप किती दिवसांनी घ्यायचा? जितक्या दिवसांचं काम पुन्हा करायची तयारी आहे, तितक्या. ३१ जानेवारी २०१७ला प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या व्यवस्था एक नव्हे, अनेक होत्या. ऐन वेळी एकही धड चालेना. सुमारे ६ तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत निघाली, म्हणून निभावलं. तेव्हा बॅकअपमधली एखादी जुनी फाइल, समजा सोसायटीचा मागच्या वर्षीचा हिशेब, अधूनमधून दुसऱ्याच लॅपटॉपवर उघडून बघा. आणि डिस्कला पासवर्ड लावला असेल, तर तो घरात आणखी कोणाला माहीत आहे, हेही त्याच वेळी विचारून घ्या.