पाळकांना जेवू घातलं की पैसा दुप्पट होतो?

कोल्हापुरातल्या आमच्या ख्रिस्ती घरांतून एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: देवाच्या सेवकाला, म्हणजे चर्चच्या पाळकाला (धर्मगुरूला), तांबडा-पांढरा करून वाढला, हातात पाकीट ठेवलं, की देव ते दुपटीनं परत करतो. आधार म्हणून बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं 10:41 सांगतात: संदेष्ट्याला, म्हणजे देवाचा निरोप आणणाऱ्याला, जो घरात घेतो त्याला 'संदेष्ट्याचं प्रतिफळ' मिळेल. एका माउलीनं उसनवारी करून मटण आणलेलं मी पाहिलंय. पोरांच्या ताटात नुसता रस्सा. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

त्याच अध्यायात येशू शिष्यांना पाठवताना सोनं, चांदी, झोळी, दुसरा अंगरखा काहीच घेऊ नका म्हणतो. म्हणजे दारात येणारा माणूस रिकाम्या हातांचा, वर छळाची टांगती तलवार. त्याला घरात घेणं जोखमीचंच होतं. आणि 42 व्या वचनात माप कशाचं, तर गार पाण्याच्या एका प्याल्याचं. माठातलं पाणी! तेही 'या लहानांतल्या एकाला', शिष्य म्हणून. प्रतिफळाचं वचन खरंच आहे, पण तिथं पैशाचं नाव नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात तर येशू सांगतो, परतफेड करू न शकणाऱ्या गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना जेवायला बोलवा. फेड नीतिमानांच्या पुनरुत्थानाच्या वेळी, म्हणजे ते मेलेल्यांतून उठतील तेव्हा, होईल.

पाळकांना जरूर बोलवा. घरात पिठलं-भाकरी असेल तर तीच वाढा, आणि पोरांनाही त्याच पंगतीला बसवा.