गोधडीवरची खूण जाते कुठे?

गोधडीवर किंवा क्विल्टवर नक्षी आखायला काही हवंय म्हटलं, की शिवणसाहित्याच्या दुकानात काउंटरवर पाच-सहा वस्तू येतात. शिंप्याचा खडू, निळं पेन, जांभळं पेन, इस्त्रीनं जाणारं पेन, पांढरी पेन्सिल. "मामा, याचा डाग तर राहणार नाही ना?" या प्रश्नाला सगळ्यांसाठी उत्तर एकच: "नाही ताई, जातो."

जातो, पण कसा? खडू झडतो. निळी शाई पाण्यात विरघळते. जांभळी शाई आणि इस्त्रीचं पेन तर कुठे जातच नाहीत, तिथंच बसून नुसता रंग लपवतात. काही खुणा अशाही असतात ज्यांत कापडाला काहीच लागलेलं नसतं. त्यामुळे साधन निवडताना रेघ किती ठळक दिसते हे मागाहून बघावं. ती निघणार कोणत्या वाटेनं, आणि आपल्या घरचं पाणी, सोडा, इस्त्री, ऊन यांतलं कोण त्या वाटेत आडवं येणार, हे आधी विचारावं. मराठवाड्यात ही चारही मंडळी जरा जोरातच असतात.

खरं तर आपल्याकडच्या जुन्या गोधडीला आखणी लागतच नव्हती. लुगडी-धोतरं एकावर एक अंथरायची, कडेकडेनं धावदोऱ्याची पहिली ओळ घालायची आणि मग तीच ओळ पुढच्या ओळीची पट्टी. अंतर बोटाच्या पेरानं मोजायचं. चौकोनाच्या आत चौकोन करत बाई मध्यापर्यंत येते, आणि मधे कुठे ओळ वाकली तर पुढच्या सगळ्या ओळी समजूतदारपणे वाकतात. मला ती वाकलेली ओळच जास्त आवडते, पण बचत गटाकडे शहरातून मागणी येते ती कोयरीची, मोराची, कमळाची. अशी कोयरी नुसत्या नजरेनं चाळीस ठिकाणी सारखी उतरत नाही. तिथं खूण हवी.

आधी कापडाकडे बघू. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली गोल दिसत नाही. बोंड वाळताना तो चपटा होतो, पीळ खातो आणि मुरडलेल्या फितीसारखा दिसू लागतो. रुंदी साधारण १२ ते २० मायक्रोमीटर, आत पोकळी. असे कितीतरी तंतू एका सुतात, आणि त्यांच्यामध्ये फटीच फटी. कोरडी भुकटी या फटींच्या तोंडाशी अडकते; पाण्यात विरघळलेला रंग मात्र फटींतून आत, खालच्या थरांपर्यंत शिरतो. शिवाय कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि त्याला पाण्याची ओढ फार. पॉलिस्टरचं उलटं आहे. त्याला पाणी नको असतं, तेल आणि मेण हवंहवंसं वाटतं. आज गोधडीत जुन्या सुती लुगड्यापेक्षा सिंथेटिक साड्याच जास्त जातात, तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

खडूचं गणित सोपं आहे. शिंप्याचा साधा खडू बहुधा शंखजिरं, चिकणमाती अशा मऊ खनिजांचा असतो. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोहच्या श्रेणीत शंखजिऱ्याचा नंबर अगदी तळाचा, १. फळ्यावरचा आपला खडू मुख्यतः जिप्समचा, म्हणजे २. इतके मऊ असल्यानं कापडावर घासले की त्यांचे कण सुटतात, फटीच्या तोंडाशी बसतात आणि झटकलं की पडतात. तोटाही हाच. मांडीवर घेऊन गोधडी शिवताना ती सतत चुरगळते, आणि दुपारी आखलेलं कमळ संध्याकाळपर्यंत निम्मं झडलेलं असतं. म्हणून खडूनं एका वेळी वीतभरच आखावं. रंगीत खडूच्या वाटेला फिकट कापडावर जाऊ नये. खनिज झडतं, त्यात मिसळलेला रंग मागे राहू शकतो. आणि दुकानात खडूसारखीच दिसणारी मेणाची वडीही मिळते, ती ओळखायला शिका. नखानं ओरखडली की भुकटी न पडता गुळगुळीत पापुद्रा निघतो. सुती कापडावर त्यावरून इस्त्री फिरवली की मेण वितळून सुतात उतरतं, आणि पॉलिस्टरवर तर ते कायमचं घर करतं.

माझं मत विचाराल तर गडद कापडासाठी या सगळ्यांवर मात करणारी वस्तू न्हाणीघरात फुकट पडलेली असते: अंघोळीच्या साबणाची झिजलेली, कोरडी, पातळ कपची. कड धारदार, रेघ पांढरी आणि खडूपेक्षा चिवट, कारण साबण किंचित स्निग्ध असल्यानं सुताला धरून राहतो. सुईही तिथून अलगद जाते. साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियम क्षार. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. पाण्यात टाकला की तो निघून जायलाच बसलेला असतो. फक्त साबण साधा घ्यावा. क्रीम, मॉइश्चरायझर घातलेल्या वड्यांतला तेलकट भाग मागे डाग ठेवू शकतो.

पण इथं बोअरचं पाणी आडवं येतं. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांमधून मुरत आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात, म्हणून गावोगावच्या बोअरचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, बादलीच्या काठाला पांढरा थर धरतो, आणि अंगाला साबण लावला तर फेसाआधी चिकट साय येते. ती साय म्हणजेच कॅल्शियमचा साबण. सोडियमची जागा कॅल्शियमनं घेतली की साबण पाण्यात विरघळेनासा होतो. काळ्या खणावर साबणानं आखलेली रेघ अशा पाण्यात नुसती बुचकळली, तर ती निघण्याऐवजी तिथंच पांढरट होऊन बसू शकते. उपाय अवघड नाही. पहिलं पाणी पावसाचं किंवा जारचं, आरओचं घ्यावं. तेही नसेल तर धुण्याची पावडर विरघळवलेल्या पाण्यात गोधडी भिजवावी, कारण पावडरीतल्या कृत्रिम डिटर्जंटची जड पाण्यात अशी साय होत नाही.

शाळेच्या पेन्सिलीचा मोह अनेकांना होतो. बारीक रेघ, हाताची सवय, किंमत नगण्य. पण पेन्सिलीतलं ग्रॅफाइट कार्बनच्या थरांचं असतं, आणि हे थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून तर ती उमटते. कापडावर सुटलेले तिचे चपटे, सूक्ष्म पापुद्रे तंतूंच्या मुरडीत जाऊन बसतात. ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये नाही, ब्लीचनंही त्याचं काही बिघडत नाही. ते फक्त हलवून, चोळून सुटं करावं लागतं. कागदाचं खोडरबर कापडावर घासलं तर ते आणखी आत दाबलं जातं. पेन्सिलच वापरायची तर कठीण, २एच वगैरे. ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती मिसळून पेन्सिलीचा कठीणपणा कमी-जास्त करण्याची युक्ती फ्रान्सच्या निकोला-जाक काँतेनं १७९५ मध्ये पेटंट केली. माती जास्त तितकं ग्रॅफाइट कमी, आणि कापडावर नेमकं तेच हवं.

आता निळं पेन, म्हणजे पाण्यानं जाणारं. फिकट सुती कापडावर नाजूक नक्षी काढायला याच्यासारखं दुसरं नाही. तक्रार मात्र ठरलेली: "पाण्याचा हात फिरवला, रेघ गेली, आणि वाळल्यावर परत आली." यात पेन खोटं नाही. ओल्या बोटानं पुसलं तेव्हा रंग विरघळला आणि केशाकर्षणानं सुताच्या फटींतून खालच्या लुगड्यात उतरला. वरचं कापड वाळू लागलं तसं आतलं पाणी पुन्हा वर ओढलं गेलं, पृष्ठभागावरून उडून गेलं आणि बरोबर आणलेला रंग तिथं ठेवून गेलं. कालव्याखालच्या काळ्या रानात पाणी जास्त झालं की जमिनीवर पांढरे क्षार फुटतात, तसंच हे. चार-पाच थरांच्या गोधडीला म्हणून शिंतोडे पुरत नाहीत. ती अख्खी गार, साध्या पाण्यात बुडवून, पाणी बदलून खळखळून काढावी लागते. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी साधं पाणी, मग पावडर, इस्त्री सगळ्यांत शेवटी. रेघ असतानाच इस्त्री फिरवली किंवा सोड्याच्या पाण्यात टाकली, तर रंगद्रव्य बदलून पिवळट-तपकिरी डाग पक्का होऊ शकतो. आखलेली गोधडी उन्हात तापत ठेवणंही याच कारणानं नको.

जांभळं पेन हवेत उडतं म्हणतात; उडत काहीच नाही. अशा शाईंमध्ये थायमॉल्फ्थॅलीनसारखा दर्शक असतो, जो अल्कलीत रंगीत आणि अल्कली उतरली की रंगहीन. थायमॉल्फ्थॅलीन पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप) १०.५ च्या वर निळं दिसतं आणि ९.३ च्या खाली पार पारदर्शक. शाई मुद्दाम अल्कधर्मी ठेवलेली असते. कापडावर रेघ ओढली की हवेतला कार्बन डायऑक्साइड तिच्या ओलीत विरघळून सौम्य आम्ल होतो, पीएच घसरतो, रंग मावळतो. याला दमटपणा लागतो. म्हणून पावसाळ्यात रेघ काही तासांत जाईल आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकेल.

याचं एक भावंड आपण बातम्यांत नेहमी वाचतो. लाचेच्या सापळ्यात नोटांना बऱ्याचदा फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पूड लावतात. नोटा घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडा. धुण्याच्या बऱ्याच पावडरींत तो असतोच. तेव्हा कापडावरून 'गेलेली' रेघ पावडरीच्या पाण्यात पुन्हा डोकं वर काढू शकते, यात चमत्कार नाही. रंग गेला होता, रेणू तिथंच होता. भरपूर साध्या पाण्यानं आधी तो रेणूच काढून टाकावा. महिनाभर चालणाऱ्या हातशिलाईला हे पेन निरुपयोगीच. संध्याकाळी बसून संपवायच्या दुपट्याला ठीक.

इस्त्रीनं जाणारं पेन सगळ्यांत हुशार आणि माझ्या लेखी सगळ्यांत बेभरवशाचं. जपानच्या पायलट कंपनीनं फ्रिक्सन नावानं अशी पेनं २००६ मध्ये युरोपच्या बाजारात आणली, ती कागदासाठी, कापडासाठी नव्हे. शाईत सूक्ष्म गोळ्या असतात आणि प्रत्येकीत तिघं जण: एक मुळात रंगहीन रंगद्रव्य, त्याला रंग आणणारं दुसरं द्रव्य, आणि तापमान सांभाळणारं तिसरं. साधारण ६० अंश सेल्सिअसला हे तिसरं वितळून पहिल्या दोघांची ताटातूट करतं आणि रेघ अदृश्य होते. गंमत म्हणजे यातली पहिली जोडी तिकिटांच्या, बिलांच्या थर्मल कागदातही असते; तिथं उष्णता त्यांना एकत्र आणते आणि अक्षर उमटतं.

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात हवेचाच पारा ४२-४४ वर जातो. बंद गाडीचा डॅशबोर्ड, गच्चीवरचा पत्रा ६० सहज ओलांडतात. ऑर्डरची आखलेली गोधडी गाडीत समोर टाकून तालुक्याला नेली, तर पोचेपर्यंत कोरी होऊ शकते. उलट, शून्याखाली १० ते २० अंशांना ताटातूट झालेली जोडी पुन्हा जमते आणि रेघ परत येते. घरच्या फ्रीजरमध्ये साधारण उणे १८ असतात. आपल्याकडे कडाक्याच्या थंडीतही इतकं होणार नाही, पण लेकीनं गोधडी शिकागोला नेली आणि जानेवारीत ती रात्रभर गाडीत राहिली, तर आईनं मारलेल्या सगळ्या रेघा, चुकलेल्या धरून, तिला दिसतील. गडद कापडावर तर रंग गेल्यावरही शाईची फिकट माग राहते. शिलाईच्या आतल्या बाजूला, पट्टीच्या कापणीला हे पेन वापरावं. वरच्या नक्षीला नको.

पदार्थच न लावता आखायचं तर दाब देऊन. जपानी क्विल्ट शिवणाऱ्या बाया हेरा नावाचं बोथट धारेचं साधन वापरतात. आपल्याकडे सुरीची पाठ, चमच्याचं टोक किंवा सरळ अंगठ्याचं नख. दाबल्यावर सेल्युलोजच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध जागा बदलतात आणि घडी बसते. पाणी लागलं की ते सैल होऊन घडी उलगडते. कापडाला कांजी दिलेली असेल तर खूण जास्त टिकते. दिवा डोक्यावर न ठेवता बाजूला, खाली ठेवा, म्हणजे तिरप्या उजेडात रेघ सावली टाकते. पॉलिस्टर मात्र नखाला दाद देत नाही, लगेच सरळ होतं. त्यावर साबणाची कपची बरी.

घरातल्या इतर रंगांचं थोडक्यात. गेरू कधीच नको. तो लोहाचा ऑक्साइड आहे, सुतात बसला की ब्लीचलाही हटत नाही. वसमतच्या हळदीच्या जिल्ह्यात कुणाला हळदीचं पाणी सुचेल. तिचा पिवळेपणा उन्हात फिका पडतो हे खरं, पण सोडा लागला की लाल होतो आणि पूर्ण जाईल याची हमी नाही. सरळ रेघांना मास्किंग टेप उत्तम, फक्त उन्हाळ्यात त्याच दिवशी काढावी. तापलेला गोंद मऊ होऊन सुतात उतरतो.

काहीही निवडा, आधी तुकडा बघा. त्याच कापडावर रेघा मारून अर्ध्या भागावर इस्त्री फिरवा, मग तो आपल्याच बोअरच्या पाण्यात, आपल्याच पावडरीनं धुऊन उन्हात वाळवा आणि शेवटी रात्रभर फ्रीजरमध्ये टाका. तुकडा लुगड्याच्या काठाजवळचा, न वापरलेला घेऊ नका. वर्षानुवर्षं धुतलेल्या मधल्या भागात तंतूंना बारीक फुटवे आलेले असतात, आणि ग्रॅफाइट असो की मेण, अडकतं ते तिथंच.