मातेराच्या गुहा: पाण्याच्या टाक्यांत माणसं राहायला गेली तेव्हा

दक्षिण इटलीतल्या मातेरा शहराचं नाव आज निघतं ते गुहेतल्या महागड्या हॉटेलांमुळे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी याच गुहांना इटलीचे पुढारी देशाला लाज आणणारी वस्ती म्हणत होते. मधल्या काळात काय झालं ते कळायला आधी इथला दगड समजून घ्यावा लागतो.

ग्राविना नदीच्या घळीकाठचा हा दगड चुनखडीच्या जातीचा, सच्छिद्र आणि मऊ. आपल्या वेरूळच्या काळ्या पाषाणाला छिन्नी-हातोड्यानं झुंजावं लागलं. इथं टिकावाचे घाव पुरतात आणि उघड्यावर आल्यावर दगड हळूहळू घट्ट होतो. परिसरात नवाश्मयुगापासून वस्ती आहे. मध्ययुगात लोकांनी उतारावर गुहा कोरल्या आणि निघालेल्या चिऱ्यांनी पुढं कमानदार खोली बांधली. घर अर्धं खोदलेलं, अर्धं बांधलेलं. शेजारीच कोरलेली चर्चं, त्यांत भित्तिचित्रं.

पण खरी करामत पाण्याची. पावसाचा थेंबन् थेंब छपरांवरून पन्हाळींनी खाली आणून घंटेच्या आकाराच्या टाक्यांत साठवायचा. टाक्यांना आतून चुना आणि विटांच्या भुग्याचा गिलावा. चारसहा घरांचं सामाईक अंगण, त्यात एक टाकं. मुख्य चौकाखालचं सर्वात मोठं टाकं, पालोंबारो लुंगो, 50 लाख लिटरच्या आसपास पाणी धरायचं.

घडी मोडली ती गर्दीनं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लोकसंख्या वाढत गेली, जागा तेवढीच राहिली. मग जुनी टाकी, कोठारं, गोठे फोडून त्यांचीच घरं झाली. मुळात पाणी राखायला खोदलेल्या, बिनखिडकीच्या ओलसर पोकळीत आठ-दहा जणांचं कुटुंब राहू लागलं. मागच्या भिंतीशी खेचर, उंच पलंगाखाली कोंबड्या, लिदीची ऊब हिवाळ्यात उपयोगी. भाकरी मात्र सामाईक भट्टीत भाजायची आणि ती अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक कुटुंब पिठावर आपला लाकडी शिक्का उठवायचं.

फॅसिस्ट राजवटीनं 1935 मध्ये या भागात हद्दपार केलेल्या लेखक-चित्रकार कार्लो लेव्ही यांचं त्या दिवसांवरचं पुस्तक 1945 मध्ये आलं. त्यात त्यांच्या डॉक्टर बहिणीनं पाहिलेलं मातेरा आहे: डोळ्यांना खुपऱ्या झालेली, हिवतापानं पिवळी पडलेली पोरं, पैसे नव्हे तर क्विनीन हे हिवतापाचं औषध मागणारी. मग हालचाल झाली. पंतप्रधान दे गास्पेरी 1950 मध्ये येऊन गेले आणि 1952 च्या कायद्यानं सुमारे 15 हजार लोकांना नव्या वसाहतींत हलवायचं ठरलं. काहींना पहिल्यांदा घरात नळ आणि संडास मिळाला, ही साधी गोष्ट नव्हे. पण सामाईक अंगण गेलं, शेजार विखुरला, आणि रिकाम्या गुहा पडझडीला लागल्या.

माझ्या मते दोष गुहेत राहण्याचा नव्हताच. गरिबीनं टाक्यांची घरं करायला लावली, तिथं सगळं नासलं. सरकारलाही उमजायला वेळ लागला. 1986 मध्ये दुरुस्तीचा आणि पुन्हा वस्तीचा कायदा झाला, 1993 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं, 2019 मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. गुहा-घरांची मालकी अजून बरीचशी सरकारकडेच आहे. राहणारे आणि हॉटेलवाले ती मुदतीच्या करारानं घेतात.