अख्खा बोकड घेणाऱ्या ग्राहकांसाठी: मटण घरच्या फ्रीजरमध्ये कसं ठेवावं

नवरात्र उठलं की अख्ख्या बोकडाच्या ऑर्डरी वाढतात. कुणी तीन-चार घरं मिळून वाटे करतं, कुणी एकटंच दहा किलो नेऊन महिनाभराची सोय करतं. मग पंधरा-वीस दिवसांनी फोन सुरू होतात: मटण वातड लागलं, शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी शिजेना, पाणीच फार सुटलं, आतल्या तुकड्यांना वास येतो. आम्ही प्रत्येकाला एकच विचारतो, दुकानातून नेलेली पिशवी तशीच्या तशी फ्रीजरमध्ये ठेवली होती का? बहुतेकांचं उत्तर "हो" असतं. या पत्रकाचा मुख्य विषय ती पिशवीच आहे.

त्याआधी वजनाचं सांगून टाकतो, कारण काट्यापाशी रोज हाच प्रश्न येतो. 20 किलोचा जिवंत बोकड घेतला तर हाडासकट मटण 9 ते 10 किलो भरतं. बाकी वजन कातडी, रक्त, पोटातला चारा, मुंडी आणि पाय यांत जातं. मुंडी, पाय, कलेजी, वजडी तुमचीच असते, ती आम्ही वेगळी बांधून देतो. चार वाटे असतील तर प्रत्येक वाट्यात मांडी, खांदा, चाप, सीना आणि गर्दन सारखी पडेल असं कापतो, म्हणजे घरी गेल्यावर कुणाच्या वाट्याला नुसती हाडं आली असं होत नाही. बोल्हाईचं पाळणाऱ्या, म्हणजे बोल्हाई देवीच्या मानाने बोकड न खाता मेंढ्याचंच मटण खाणाऱ्या घरांनी ऑर्डर देतानाच सांगावं, आम्ही मेंढ्याचं मटण वेगळ्या ठोकळ्यावर कापतो.

एक पिशवी, एक गोळा

पाच किलो मटण एकाच पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ढकललं की बाहेरचा थर दगडासारखा होतो आणि आपल्याला वाटतं, गोठलं. आतला गाभा मात्र तासन् तास नुसता गारच राहतो. घरच्या फ्रीजरला असा गोळा पार आतपर्यंत गोठवायला एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. तेवढ्या वेळात मधल्या मटणात जंतू वाढत राहतात. गोठल्यावर ते मरत नाहीत, नुसते थांबतात आणि मटण सुटलं की पुन्हा कामाला लागतात. शिवाय सावकाश गोठताना मटणातल्या पाण्याचे मोठे, टोकदार खडे होतात. ते मांसाचे धागे फाडतात, म्हणून सोडवल्यावर पातेल्यात लाल पाणी साठतं आणि पीस चोथ्यासारखा लागतो.

खरं नुकसान पुढे होतं. रविवारी लागतं एक किलो, पण गोळा पाच किलोचा. मग तो अख्खा ओट्यावर सोडवायचा, एक किलो काढायचं आणि बाकीचं परत आत. असं दोनदा झालं की उरलेल्या मटणाची खात्री आम्हीसुद्धा देऊ शकत नाही.

उपाय साधा आहे. एका वेळच्या भाजीपुरतं, अर्धा किंवा एक किलो, एका पाकिटात भरा. हाताने दाबून इंचभर जाडीचं चपटं करा, आतली हवा काढा, वर तारीख लिहा. पहिल्या दिवशी पाकिटं एकावर एक न रचता पसरून ठेवा, थंड भिंतीला किंवा तळाला टेकवून. चपटं पाकीट काही तासांत गोठतं. पूर्ण गोठली की मग पुस्तकांसारखी उभी रचा, जागाही कमी लागते. एका दिवशी दोन-तीन किलोच गोठवा. बाकीची पाकिटं तोवर फ्रीजच्या सगळ्यात गार कप्प्यात ठेवून दुसऱ्या दिवशी वर सरकवा.

गोठवण्याआधी मटण धुऊ नका, धुणं शिजवताना. ओल्या मटणावर बर्फाचा थर चढतो आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. हळद लावून ठेवायची सवय असेल तर चालेल, पण मीठ नको. मिठामुळे चरबी फ्रीजरमध्येही लवकर खवट होते.

"कालचं मटण का देता?"

हे आम्हाला मनापासून समजावून सांगायचं आहे, कारण यावरून जुने ग्राहकही नाराज होतात. आजच शिजवायचं असेल तर सकाळचं ताजं घ्या, आम्ही आनंदाने देतो. पण फ्रीजरसाठी ऑर्डर असेल तर बोकड आदल्या दिवशी कापून रात्रभर आमच्या चिलरमध्ये 4 अंशांच्या खाली टांगलेला असतो. जनावर कापल्यावर काही तासांनी त्याचं मांस आखडतं आणि मग हळूहळू सैल होतं. ते आखडण्याआधीच, गरम असताना गोठवलं, तर सोडवताना ते एकदम आवळतं, पाणी टाकतं आणि रबरासारखं होतं. वातड मटणाच्या तक्रारींत बऱ्याचदा बोकड कोवळाच असतो, घाई मात्र झालेली असते. चिलरच्या विजेचं बिल आम्ही भरतो, रात्रीत थोडं वजनही सुकून कमी होतं. तरीही आम्ही हीच पद्धत ठेवली आहे.

फ्रीजवरच्या स्टारवर जाऊ नका. आपल्याकडे ते वीज किती वाचते ते सांगतात, फ्रीजर किती गार आहे ते नाही. महिनोन् महिने ठेवायचं तर उणे 18 अंश लागतात. जुन्या एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा सहसा तेवढा गार होत नाही. त्यात आठवडाभराचंच ठेवा. आइस्क्रीम मऊ राहत असेल तर तोच पुरावा समजा.

चांगल्या फ्रीजरमध्ये पीस तीन महिने उत्तम राहतात. खिमा दीड महिन्यात संपवा. कलेजी, वजडी त्याच आठवड्यात खाऊन टाका. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत पाळणाऱ्या घरांत फ्रीजरमधल्या मटणाला सुमारे सत्तर दिवस हात लागत नाही, मधे अधिक मास आला तर आणखी महिना. अशा घरांनी आखाडातच खिमा संपवावा, मागे ठेवू नये. तुकड्यांवर पांढुरके कोरडे डाग दिसले तर हवा लागली आहे. खायला बाधत नाही, पण तेवढा भाग कापून टाका, त्याला चव नसते.

सोडवायचं असेल तर आदल्या रात्री पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवा. घाईत असाल तर बंद पाकीट गार पाण्यात बुडवा आणि अर्ध्या तासाने पाणी बदला. दिवसभर ओट्यावर ठेवू नका. वीज गेली तर फ्रीजर उघडून बघत बसू नका. भरलेला फ्रीजर बंद राहिला तर बराच वेळ तग धरतो.

हे सगळं घरी करायला वेळ नसेल तर ऑर्डर देताना सांगा. अर्धा किंवा एक किलोची चपटी पाकिटं, त्यावर भाग आणि तारीख लिहून, आम्ही जादा पैसे न घेता भरून देतो. व्हॅक्यूम पॅक हवं असेल तर पाकिटामागे थोडा आकार पडतो, पण डाग जवळपास पडत नाहीत. फ्रीजरच्या ऑर्डरीला दोन दिवस आधी कळवा, कारण एक रात्र चिलरची आहे. न्यायला येताना थर्माकोलचा डबा आणा. नसेल तर आम्ही देतो, पुढच्या खेपेला परत आणा.