पाय काढायचा की गाठ? सार्कोमाच्या उपचारांची पार्श्वभूमी

मे १९७५ ते एप्रिल १९८१ या सहा वर्षांत अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला एका चाचणीसाठी हातापायाच्या सार्कोमाचे, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या ऊतींच्या कर्करोगाचे, जेमतेम ४३ रुग्ण मिळाले. मोठ्यांच्या कर्करोगांत सार्कोमाचा वाटा सुमारे एक टक्का, आणि त्या एका टक्क्यात स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, नसांची आवरणे अशा ऊतींमधून उगवणारे सत्तरहून अधिक प्रकार. त्यामुळे कोणता उपचार बरा, हे ठरवायला पुरेसे रुग्णच एका जागी जमत नसत.

तोवर प्रघात होता अवयव कापण्याचा, आणि त्याला कारणही होते. सार्कोमाची गाठ वरून गोल, गुळगुळीत, आवरणात बसल्यासारखी दिसते. सर्जन ती सोलून काढत, जखम भरे आणि काही महिन्यांत त्याच जागी गाठ पुन्हा येई. ते आवरण खरे नसतेच. वाढत्या गाठीने दाबलेल्या ऊतींचा तो थर असतो आणि त्यात कर्करोगाच्या पेशी असतात. गाठीभोवती निरोगी ऊतीचा किती थर काढला, यावरून शस्त्रक्रियांचे वर्गीकरण विल्यम एनेकिंग या अस्थिशल्यचिकित्सकाने १९८०मध्ये मांडले. ते आजही वापरात आहे.

त्या ४३ जणांपैकी १६ जणांचा अवयव काढला. उरलेल्या २७ जणांची फक्त गाठ काढून त्या जागी रेडिएशन दिले. केमोथेरपी सगळ्यांनाच मिळाली. गाठ त्याच जागी परतली ती अवयव राखलेल्यांपैकी चौघांत, अवयव काढलेल्यांत एकाचीही नाही. तरी पाच वर्षांनी जिवंत राहण्याचे प्रमाण अनुक्रमे ८३ आणि ८८ टक्के होते आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा नव्हता. म्हणजे पाय गमावून आयुष्य वाढते, असे दिसले नाही. याच संस्थेतले सर्जन स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने १९८२मध्ये हे निकाल प्रसिद्ध केले आणि अवयव काढणे हा शेवटचा पर्याय ठरू लागला. इतक्या थोड्या माणसांनी इतक्या जणांचे हातपाय वाचवल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

मग प्रश्न आला रेडिएशन शस्त्रक्रियेआधी द्यावे की नंतर. कॅनडातल्या चाचणीचे २००२मधले उत्तर दोन्हीकडून बोचणारे होते. आधी दिल्यास जखमेच्या तक्रारी ३५ टक्के, नंतर दिल्यास १७. पण नंतर द्यायचे तर मात्रा जास्त लागते आणि ऊती कायमच्या कडक होण्याचे प्रमाण वाढते. जखम उशिरा का होईना भरते, आखडलेला सांधा मात्र जन्मभर सोबत राहतो. म्हणून ‘आधी’कडे झुकणारे डॉक्टर मला पटतात.

औषधांत मोठी उडी मारली ती पोटातल्या ‘जिस्ट’ या गाठीने. ती पूर्वी स्नायूंच्या सार्कोमात मोजली जाई आणि केमोला दाद देत नसे. १९९८मध्ये जपानी संशोधकांना तिच्यात ‘किट’ जनुकातला बिघाड सापडला. २०००मध्ये फिनलंडमधल्या एका रुग्ण स्त्रीला त्याच बिघाडाचा परिणाम रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिच्या गाठी आकसल्या. पुढच्या चाचणीत पसरलेला आजार असूनही निम्मे रुग्ण साडेचार वर्षांहून अधिक जगले.

मुलांच्या रॅब्डोमायोसार्कोमासाठी, म्हणजे स्नायूंसारख्या पेशींच्या सार्कोमासाठी, अमेरिकेतल्या रुग्णालयांनी १९७२मध्ये एकत्र अभ्यासाचा गट बांधला. तेव्हा चारातले एखादे मूल वाचे. पुढच्या काही दशकांत दहातली सातेक वाचू लागली. ती मोठी झाली तेव्हा उपचारांची किंमतही दिसली: सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधामुळे वंध्यत्व, रेडिएशनच्या जागी खुंटलेली हाडे, क्वचित दुसरा कर्करोग. डॉक्सोरुबिसिन हे केमोचे दुसरे औषध घेतलेल्यांचे हृदय अनेक वर्षांनीही कमजोर होऊ शकते.

सार्कोमा परततो तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत आणि बरेचदा फुफ्फुसात. सायनोव्हियल सार्कोमा हा बहुधा सांध्यांजवळ होणारा प्रकार मात्र दहा वर्षांनंतरही डोके वर काढू शकतो. केमोनंतरही तो पसरलेल्या काही निवडक रुग्णांसाठी, त्यांच्याच रोगप्रतिकारक पेशींत बदल करून केलेल्या उपचाराला अमेरिकेत ऑगस्ट २०२४मध्ये मान्यता मिळाली. रक्ताच्या नव्हे तर घट्ट गाठींच्या कर्करोगासाठी, जनुकबदल केलेल्या टी-पेशींना (या रोगप्रतिकारक पेशींना) मिळालेली ती तिथली पहिलीच मान्यता.